डब्यात पाणी गेलं होतं

"काका, तुम्हाला आधीच्या नोकरीवरून हाकललं का हो?"

प्रश्न ऋतुजाच्या तोंडातून सुटला आणि मागं सायकल स्टँडच्या पत्र्याआड उर्वी आणि बाकीच्या तिघी तोंडावर ओढण्या दाबून नुसत्या लोटपोट झाल्या. पैजच तशी लागली होती. शाळेच्या गेटवर दिवाळीनंतर नवा वॉचमन आला होता, आणि त्याच्याबद्दल नववी ब मध्ये रोज एक नवी अफवा निघायची. माणूस पन्नाशीचा, अंगात ड्रायव्हर लोक घालतात तसला खाकी शर्ट, आणि सवय अशी विचित्र की अक्कलकोट रोडनं एखादी अवजड गाडी गेली की हा स्टुलावर बसल्या बसल्या, तिकडं न बघता, स्वतःशीच पुटपुटायचा. "टर्बोची शिट्टी वाजाय लागलीय." नाहीतर, "मागल्या डाव्या चाकाचं बेरिंग गेलंय, जाईल इजापूरपत्तुर." उर्वीचं म्हणणं, यानं नक्की कुणाला तरी उडवलंय. दुसरी म्हणाली, दारू पीत असणार. मग उर्वीनं ऋतुजाच्या खांद्यावर थाप मारली, "तू वक्तृत्वात पहिली आलीस ना? स्टेजवर काय तोफ चालवतीस! जा की मग, विचार त्याला. हिंमत हाय का?"

आता हिंमत नाही असं म्हणायचे दिवस ऋतुजाचे संपले होते. मागच्या वर्षापर्यंत हजेरीला 'प्रेझेंट मॅडम' म्हणतानाही जिचा आवाज तिसऱ्या बाकापुढं जात नव्हता, ती सप्टेंबरात निबंधात पहिली आली, लगोलग वक्तृत्वात पहिली आली, आणि मग धरणाचा दरवाजा उघडावा तसं झालं. ती बोलतच सुटली. घरात बोलायची, रिक्षात बोलायची, मुख्याध्यापकांना जाऊन सांगायची की नोटीस बोर्डावर दोन ऱ्हस्व-दीर्घ चुकलेत. त्यामुळं ती सरळ गेटवर गेली, कमरेवर हात ठेवला आणि विचारलं.

वॉचमन चिडला नाही. त्यानं जेवणाच्या डब्याचं झाकण लावलं, भाकरीचे तुकडे शर्टावरून झटकले आणि म्हणाला, "हाकललं की."

उत्तर एवढं सरळ येईल असं तिला वाटलं नव्हतं. "का?"

"डब्यात पाणी गेलं म्हनून."

"जेवणाच्या?"

तो हसला. "न्हाय गं बाई. गाडीच्या. इंजिनाला एक कॉम्प्युटर आस्तोय बघ, चपटा डबा. डिझेल किती सोडायचं, कवा सोडायचं, समदं त्यो ठरवतो. त्यात पाणी गेलं."

"ईसीएम!" ऋतुजा ओरडलीच. वर्गात तिच्याशिवाय कुणाला हे येणं शक्य नव्हतं. "मग तुम्ही इंजिनावर पाणी मारलं होतं का?"

आता हा प्रश्न पैजेत नव्हता. तो तिचा स्वतःचा होता. आणि त्यावर त्या माणसाचा चेहरा असा झाला की जणू आजवर हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"मारलं असंल," तो म्हणाला.

"असंल म्हणजे? तुम्हाला आठवत नाही?"

"तेच की. आदी पक्कं आठवत व्हतं. खंडेनवमीला गाडी धुतली, दरवर्सी धुतो. पयलं त्या डब्याला प्लास्टिकची पिशवी बांधायची, सुतळीनं, वरनं फडकं गुंडाळायचं. इंजिनाला पाणी लावायचंच न्हाय, वल्या कापडानं पुसून घ्यायचं. मग हार, लिंबू, नारळ. इतकी वरसं हीच रीत. पन औंदा पिशवी बांधली का न्हाय, आता सांगता येत न्हाय. पयल्यांदा मी लई भांडलो. बांधली व्हती म्हनलं. मग जो त्यो म्हनाय लागला, चनमल्लप्पा, इसरला असशील. आन कागदावर तर तसं लिवलंय."

"कसल्या कागदावर?"

त्यानं खिशातून फोन काढला. काच तडकलेली. त्यानं बोटानं वर सरकवत सरकवत एक फोटो काढून तिच्यापुढं धरला. वर त्याचाच चेहरा होता, कुठल्याशा ढाब्यावर काढलेला, खाली लाल अक्षरात कुणीतरी टाईप केलेलं: 'या ड्रायव्हरला कोणीही गाडी देऊ नये.' आणि त्याखाली हातानं लिहिलेल्या एका कागदाचा फोटो.

'सदर वाहनाच्या इंजिन नियंत्रण प्रणालीमध्ये चालकाच्या अक्षम्य निष्काळजीपणामुळे पाण्याचा शिरकाव होऊन सदर प्रणाली कायमस्वरूपी निकामी झालेली आहे.'

'क्ष'ची शेपटी खाली वळवून पुन्हा वर आणायची, ही लकब संपूर्ण सोलापुरात एकाच मुलीची होती. ती मुलगी कमरेवर हात ठेवून त्या फोटोपुढं उभी होती. तिचे हात हळूच खाली आले.

"मालक लोकांच्या ग्रुपवर फिरतंय हे," चनमल्लप्पा सांगत होता, अगदी साध्या आवाजात. "मैंदर्गीचा माजा मेव्हना म्हनतो, निदान माजा ट्रॅक्टर तरी चालव. मी नगं म्हनलं. हाताचा भरवसा ऱ्हायला न्हाय, बाई. आज पिशवी बांधायची इसरलो, उद्या बिरेक दाबायचा इसरलो तर?" मग त्यानं फोन स्वतःकडं वळवला आणि कौतुकानं बघितलं. "पन अक्षर बघ की. छापल्यावानी. एवढ्या शिकल्याल्या मानसानं लिवलंय म्हंजे उगं लिवलं नसंल."

ती सायकल स्टँडपाशी परत आली तेव्हा चौघींनी तिला घेरलं. "काय म्हणाला? कुणाला उडवलं? सांग की गं!"

"काही नाही," ऋतुजा म्हणाली. "वयामुळं सोडली नोकरी."

पैज जिंकल्याबद्दल उर्वीनं तिला पेप्सीकोला दिला. तो तिनं हातात धरला तो धरलाच. पाणी होऊन कोपरापर्यंत ओघळला तरी तिला कळलं नाही.

*

तो कागद लिहिला तो दिवस तिला मिनिट-मिनिट आठवत होता.

तिच्या अप्पांचं, म्हणजे शिवानंद यांचं, एमआयडीसीच्या तोंडाशी 'शिवानंद ऑटो इलेक्ट्रिक' हे दुकान. ट्रक, टिपर, ट्रेलर, सगळ्या मोठ्या गाड्यांचं वायरिंग. अप्पा सातवीपर्यंत कन्नड शाळेत शिकलेले, मराठी बोलायला झकास पण लिहायला बसले की घाम. त्यांचं खरं लिहिणं-वाचणं म्हणजे टेस्ट लॅम्प. साधी गोष्ट: एक चोवीस व्होल्टचा बल्ब, त्याला दोन वायरी, एकीला चिमटा, दुसरीला सुई. चिमटा बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावायचा आणि सुई एकेका पिनवर टेकवत जायचं. बल्ब पेटला की 'अर्थ', म्हणजे निगेटिव्हची वायर, चांगली; नाही पेटला की वायर तुटलेली. एवढ्या एका दिव्यावर त्यांनी तीस वर्षं काढली. अप्पांनी दिवा लावला की गाडी बोलायला लागते, असं लोक म्हणायचे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अकलूजच्या हिंदुराव शेठची सोळा चाकी आली. रेडिएटरला झेंडूचा हार तसाच. ड्रायव्हर गाडी घेऊन आला आणि लगेच एसटीनं गावी गेला; ऋतुजानं त्याला पाहिलं ते फक्त पाठमोरं. तक्रार एवढीच की चढाला गाडी पिकअप घेत नाही आणि डॅशबोर्डवर चेक लाइट लागतो. अप्पांनी ईसीएमचा मोठा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, काढला. चिमटा लावला. सुई डब्याच्या एकेका पिनवर. बल्ब पेटत होता, विझत होता, पेटत होता. मग त्यांनी कपलर परत बसवला, सेल्फ मारला, आणि चालत आलेली गाडी चालूच होईना. इंजिन नुसतं फिरत राहिलं.

अप्पा कपाळाला हात लावून म्हणाले, "गाडी धुतल्याली दिसतीय. पाणी गेलं असंल आत. हळूहळू मरतो त्यो डबा."

असंल. अप्पा 'असंल' म्हणाले होते.

नवा डबा आला, बसवला, गाडी चालू झाली. पण पिकअप नव्हताच. तेव्हा अप्पांनी उत्कर्षाताईला बोलावलं. उत्कर्षाताई म्हणजे लॅपटॉपवाली. स्कॅनर पाठीला लावून मोपेडवरून गॅरेज-गॅरेज फिरणारी. तिनं बॅटरीखालची अर्थ वायर शोधून काढली. आतून हिरवी पडून कुजलेली, एक-दोन तार कशीबशी उरलेली. "नुसतं मीटर लावलं तर ही पण चोवीस दाखवते," तिनं ऋतुजाला दाखवलं होतं. "पण सेल्फ मारताना बघ." मीटरवरचे आकडे धडाधड कोसळले. "भार पडला की वायर खरं बोलते." ऋतुजाला ते वाक्य इतकं आवडलं की तिनं ते वहीत लिहून ठेवलं.

ती वायर बदलली, पिकअप आला. आणि मग हिंदुराव शेठच्या ऑफिसातून फोन आला की डबा का गेला ते लेखी पाठवा, फाइलला लागतं. अप्पांनी हाक मारली, "ऋतू, ये इकडं. लिही जरा. पाणी गेल्यानं खराब झाला म्हनून लिही."

तिनं पेन उघडलं. नुसतं 'पाणी गेल्यानं खराब झाला'? छ्या! काय मजा त्यात? महिन्यापूर्वीच ती जिल्ह्यात पहिली आली होती. तिनं 'सदर' घातलं, 'प्रणाली' घातलं, 'शिरकाव' घातलं. तरी वाक्य लंगडंच वाटत होतं. मध्ये काहीतरी दणदणीत पाहिजे होतं, वर्तमानपत्रात अपघाताच्या बातमीत असतं तसं. आणि तो शब्द आला. अक्षम्य निष्काळजीपणा. तिनं तो मोठ्यानं वाचून दाखवला. अप्पांना अर्थ अर्धामुर्धाच लागला, पण लेकीचा अभिमान पुरता वाटला. त्यांनी खाली सही केली आणि दुकानाचा शिक्का दणकन मारला.

एवढंच. पाच मिनिटांचं काम. नंतर ती मैत्रिणींबरोबर गरब्याचे व्हिडिओ बघत बसली होती.

*

शनिवारी सकाळची शाळा. सुटल्यावर ऋतुजा घरी न जाता दुकानात गेली. अप्पा गाडीच्या पार्टसाठी गावात गेले होते. तिनं उत्कर्षाताईला मुद्दाम फोन करून बोलावून ठेवलं होतं.

फळीवर तीन मेलेले डबे होते. तीन गाड्यांचे, दोन वर्षांतले. ऋतुजानं हिंदुराव शेठचा डबा उतरवला, धूळ ओढणीनं पुसली.

"ताई, हा उघडा. मला आत पाणी बघायचंय."

"आता कशाला? मेलेला डबा आहे तो."

"उघडा हो. प्लीज."

ताईनं हीट गननं कडेचा गोंद मऊ केला, पातं फिरवलं आणि झाकण उचललं. ऋतुजा श्वास रोखून वाकली. तिला पाण्याचे डाग हवे होते. हिरवट बुरशी हवी होती, पांढरी पूड हवी होती, गंजलेली एखादी पिन हवी होती. देवा, एक थेंब तरी. तिनं आयुष्यात कुठल्याही गोष्टीसाठी इतकी आशा केली नव्हती, आणि कुणाच्या तरी चुकीसाठी तर कधीच नाही.

आतलं बोर्ड कोरडं ठणठणीत होतं. नव्यासारखं चकाकत होतं. फक्त एका कोपऱ्यात, पाव इंचाची जागा, काळी.

उत्कर्षाताई जवळ वाकली. तिनं मीटर घेतलं, दोन ठिकाणी टेकवलं, परत ठेवलं.

"काय आहे ते?"

"सेन्सरना पाच व्होल्ट पुरवणारी लाइन. इथून जाते. जळलीय."

"कशानं?"

"ऋतुजा, तुला खरंच पाहिजे का हे?"

"ताई, सांगा."

ताईनं भिंतीवर खिळ्याला टांगलेल्या टेस्ट लॅम्पकडं बघितलं. बोट नाही दाखवलं, नुसतं बघितलं. "जुन्या गाडीत काही होत नाही त्यानं. जुन्या गाडीत नुसत्या वायरी. पण चिमटा पॉझिटिव्हला आणि सुई या पिनवर, म्हणजे पाच व्होल्टच्या लाइनीत उलट्या बाजूनं चोवीस ढकलले. बल्ब पेटतो. माणसाला वाटतं अर्थ मिळाला."

बल्ब पेटत होता, विझत होता, पेटत होता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"अंदाज होता." ताई खाली बघून पात्यावरचा गोंद खरवडत राहिली. "मी या लाइनीत आले तेव्हा प्रत्येक गॅरेजवाला म्हणायचा, बाई, तुझं काम नाही, उन्हात कशाला फिरतेस. तुझ्या अप्पांनी स्टूल दिलं. चहा मागवला. त्यांना कसं सांगायचं, की काका, तुमच्या हातानं डबे मरतायत? रोज मनाशी म्हणायचे, उद्या सांगू."

मग तिनं स्वतःहून दुसरा डबा उघडला. कोरडा. तोच कोपरा, तोच काळा डाग.

तिसऱ्याला तिनं हात घातला तेव्हा ऋतुजा म्हणाली, "नको."

*

अप्पांना सांगायला तिला दुपारचे तीन तास लागले. सांगितलं तेव्हा ते आधी हसले. मग म्हणाले, ती पोरगी कालची, तिला काय कळतंय. मग म्हणाले, तीस वर्षं. 

रविवारी सकाळी दुकान बंद असतं, तरी ते गेले. ऋतुजा मागोमाग गेली. शटर अर्धं वर. अप्पा जमिनीवर मांडी घालून बसलेले, पुढ्यात तिसरा डबा. उत्कर्षाताईसारखं त्यांना जमलं नव्हतं. पत्रा वाकडातिकडा फाडून काढला होता, अंगठ्याला चिरा पडल्या होत्या. ते त्या कोपऱ्याकडं बघत होते.

"तिन्ही," ते म्हणाले.

ऋतुजा त्यांच्या शेजारी बसली. 

"त्या दोन गाड्यांचं ड्रायव्हर कोन व्हते गं?" अप्पांनी विचारलं. "एक पोरगेला व्हता. दुसरा... कुंभारीचा का कुटला. नाव आठवंना. त्येंना पन मी हेच म्हनलं व्हतं. पाणी मारलं असशील. त्यो पोरगा हितंच, ह्या उंबऱ्यावर उभा ऱ्हाऊन शपथ घेत व्हता. मी त्याला म्हनलं, शपथ नगं घिऊ, डबा खोटं बोलत न्हाय." अप्पांनी फाटका पत्रा उलटा केला, सुलटा केला. "येनु माडूदु."

काय करायचं. ते कानडीत फक्त दोन वेळेला बोलायचे, लाडात आले की आणि हरले की.

"अप्पा, आपण हिंदुराव शेठना सांगू. ते चनमल्लप्पाकाकांना परत घेतील."

अप्पांनी मान हलवली. हो म्हणाले का नाही, ते तिला कळलं नाही. तिनं ते हो धरलं, कारण तिला तेच पाहिजे होतं. काउंटरवरच्या व्हिजिटिंग कार्डांतून नंबर काढला आणि दुकानाबाहेर जाऊन आईच्या फोनवरून लावला.

"कोन? शिवानंदची पोरगी? बोल की बाळा!" शेठचा आवाज मोकळाढाकळा. मागं कुठंतरी ट्रॅक्टरची धडधड.

तिनं सांगितलं. न अडखळता, मुद्देसूद, स्पर्धेत बोलतात तसं. डबा कोरडा होता. पाणी गेलंच नव्हतं. चूक दुकानाची होती आणि ड्रायव्हरचा काहीही दोष नव्हता. 

"आरं तिच्या मारी," शेठ म्हणाले. "चनमल्लप्पा मानूस वाईट नव्हताच. मी पन घरी म्हनलं व्हतं, हा असा करनार न्हाय. पन कागद आला की गं. लेखी आलं, मग मी तरी काय करनार?"

"मग आता घ्या ना परत."

"त्याच्या जागी दुसरा ठेवून चार म्हैनं झालं. बायको-पोरं घेऊन आलाय हितं. त्याला काढू? त्येचा काय गुन्हा?"

"मग ग्रुपवर तरी लिहा, की ते चुकीचं होतं."

"मी टाकलं एका ग्रुपवर. तितनं ते कुटं कुटं गेलं, मला काय म्हाईत? परवा लातूरच्या पाव्हन्यानं मलाच फिरवून पाठवलं." शेठचा आवाज खाली आला. तो धमकीचा नव्हता, उलट मायेचाच होता, आणि म्हणूनच जास्त भयंकर. "आन बाळा, हे माज्यापाशी बोललीस ते बोललीस. दुसरीकडं बोलू नगं. तुज्या बापाच्या दारात उद्या एक गाडी उभी ऱ्हायची न्हाय. झालं ते झालं. अभ्यास कर."

फोन बंद झाला. रस्त्यावरून ट्रक चालले होते, एकामागून एक, हैदराबादकडं, विजापूरकडं. प्रत्येकात एक माणूस बसलेला. कालपर्यंत तिला वाटत होतं की नीट बोलता आलं की सगळं नीट होतं. आज ती आयुष्यातलं सगळ्यात नीट भाषण करून आली होती, आणि कशाचंही काही झालं नव्हतं.

*

दुपारी कुणी धड जेवलं नाही. आईनं शेंगाची चटणी, दही, कडक भाकरी, सगळं मांडलं आणि तसंच झाकलं. तिला आता सगळं कळलं होतं. अप्पा भिंतीला टेकून बसले होते. अंगठ्याला चिंधी.

"आता पुरे," आई म्हणाली. "शेठला सांगून झालं. आपल्या मनाचं ओझं उतरलं. त्या मानसाचं तरी काय वाईट चाललंय? सावलीत बसतोय, दोन टाइम घरचं खातोय. रातच्या जागरणातनं सुटला म्हन."

"आई, त्यांना वाटतंय की त्यांनीच केलं."

"वाटू दे. विसरंल."

"ते विसरलेच तर आहेत!" ऋतुजाचा आवाज फुटला. "पिशवी बांधलेली विसरले. त्यांनी बांधली होती, आई. ते मेव्हण्याच्या ट्रॅक्टरलासुद्धा हात लावत नाहीत. स्वतःच्या हातांना घाबरतात. आणि ते माझं अक्षर बघून म्हणतात, शिकलेल्या माणसाचं आहे, खरंच असणार."

अप्पांनी डोळे मिटले. "सही माजी हाय. तू नुसतं लिवलंस."

"तुम्ही म्हणाला होता, पाणी गेलं असंल. 'चालक' कुठं म्हणाला होता? 'अक्षम्य' कुठं म्हणाला होता? मला तो शब्द चांगला वाटला म्हणून मी घातला. नुसता चांगला वाटला म्हणून, अप्पा! निबंधात घालतात तसा."

 शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

मग अप्पा बोलले, डोळे न उघडता. "त्याला सांगितलंस तर त्याला गाडी मिळनार हाय का, ऋतू?"

"नाही."

"त्या फोटूवरनं त्येचं तोंड पुसलं जानार हाय?"

"नाही."

"मग माजं दुकान घालवून त्याला काय मिळंल? त्यो चार मानसांत सांगनार. का न सांगंल? मी असतो तर सांगितलं असतं. मला दुसरं काय येतंय गं? मला ह्या दिव्याबिगार काय येतंय?"

हे असं अप्पा कधी बोलले नव्हते. मोठ्या माणसाचा आवाज असा बारीक होतो हे ऋतुजाला माहीत नव्हतं. आईनं पदर तोंडाला लावला. ऋतुजाला वाटलं, आपण गप्प बसावं. आपण पुन्हा मागच्या वर्षीची ऋतुजा व्हावं, तिसऱ्या बाकापुढं आवाज न जाणारी. त्या ऋतुजानं कुणाचं काही वाईट तरी केलं नव्हतं.

ती उठली. आतल्या खोलीत जाऊन तिनं दप्तर आणलं, भूमितीची आणि इतिहासाची पुस्तकं बाहेर काढली, आणि त्या जागी दुकानातून आणलेला, झाकण काढलेला शेठच्या गाडीचा तो डबा ठेवला. चेन लागेना, तिनं जोर लावून ओढली.

"ऋतू, हे काय?" आई म्हणाली.

"मी उद्या अर्धा तास लवकर जाणार आहे," ऋतुजा म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता आणि तिनं तो थरथरू दिला. "प्रार्थनेच्या आधी, गेटवर कुणी नसतं तेव्हा. चनमल्लप्पाकाकांना हा डबा दाखवणार. आतून कोरडा आहे ते त्यांनी स्वतःच्या बोटानं बघू दे. तो शब्द माझा होता, तेही सांगणार. दिवा कुणाच्या हातात होता, असं त्यांनी विचारलं तर तुमचं नाव सांगणार, अप्पा. खोटं नाही सांगणार. ते चिडले तर चिडू देत, चार माणसांत बोलले तर बोलू देत. तुम्ही माझ्याबरोबर आलात तर मला कमी भीती वाटेल. नाही आलात तरी मी जाणार आहे."